डोलकाठीची ओळ

साल १९९८. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात मनुबाईने कालपासून अन्नाला हात लावला नव्हता. तिच्या पोराचा संगणक बंद पडला होता.

पोर म्हणजे दौलत. चुलत्याच्या होडीवर एक माणूस कमी पडला म्हणून गेला, तो परत आला नाही. होडी सापडली, दौलत सापडला नाही. मनुबाईने त्याचे दिवस करू दिले नाहीत. त्याऐवजी रोज दिवेलागणीला ती त्याच्या संगणकासमोर जाऊन बसायची. धाकटी नंदा बटण दाबायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भरभर वर सरकायची आणि शेवटी एक ओळ येऊन थांबायची. ओळीच्या टोकाशी एक बारीक रेघ उघडमीट करत राहायची.

पहिल्यांदा ती ओळ पाहून मनुबाईने विचारलं होतं, "काय लिवलंय गं?"

"दौलतचं नाव आहे, आई," नंदा म्हणाली होती. "विचारतोय, कोण आलंय?"

तिथे दौलतचं नाव नव्हतंच. यंत्राला कुणी नाव दिलं नाही, तर संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली आपणहून जे लावून टाकते ते इंग्रजी ‘localhost’ तिथे होतं. पण मनुबाई पडद्याला म्हणाली, "मी हाय रं, तुझी आई." मग उठली आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. त्यानंतर खरं सांगायला नंदाची जीभ रेटली नाही.

आता डिस्क टकटक वाजून मेली होती. ठाकुर्लीहून कान्हा आला. दौलतबरोबर क्लासात शिकलेला, त्याच्याच बरोबर रात्री जागवून लिनक्सशी झटापट केलेला. दुसरी डिस्क त्याने रुमालात गुंडाळून आणली होती.

"किती वाळलास रं," मनुबाई म्हणाली. "सुकट तरी बरी."

"मावशी, तुमच्या हातचं मिळत नाही ना आता."

"मंग काम कर, जेवाया घालतंय."

कान्हाने फ्लॉपी घातली, सीडी लावली आणि एकेक आज्ञा टाइप करू लागला. मध्येच पडद्याने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? नंदाने त्याचा हात धरला.

"नवी आहे गं. यात काहीच नाही," कान्हा म्हणाला. "जुनीतलं मात्र काही मिळायचं नाही."

"आईला त्यातलं काही नको. ती ओळ तेवढी दिसली पाहिजे."

नंदा भात बघायला आत गेली. कान्हा एकटाच राहिला, तेव्हा त्याच्या मनात आलं, दौलतच्या यंत्राला दौलतचंच नाव असावं. त्याने मायेने ते इंग्रजीत घातलं, ‘daulat’.

दिवेलागण झाली. मनुबाई पदराने तोंड पुसून समोर बसली. अक्षरं वर सरकली, ओळ येऊन थांबली. मनुबाई पुढे वाकली आणि तशीच राहिली.

"ह्यो कोन?"

"दौलत, मावशी. बघा, दौलतच लिहिलंय."

"नाय."

नंदा दारातच थबकली.

"मला लिवता-वाचता येत नाय," मनुबाई म्हणाली, "पन खाडीच्या तोंडाशी होडी दिसली, की कुनाची ती मी धक्क्यावरून सांगतंय. माझ्या पोराच्या ओळीत पैली डोलकाठी उभी असते, एकदम सरळ. ह्याचं पोट पैलं, काठी मागून. ही दुसऱ्याची होडी हाय." ती उठली. "ताट झाक. मला भूक नाय."

ती ओटीवर जाऊन खाडीकडे तोंड करून बसली.

नंदा खुर्चीजवळ आली. "कान्हा, ते नाव काढ."

"अगं, खरं नाव आहे त्याचं."

"म्हणूनच काढ. आधी तिथे काय होतं ते तू पाहिलंयस. तिला मी काय सांगितलंय, ते तुला माहीत नाही."

कान्हाने नाव ठेवलेली फाइल उघडली आणि मागून एकेक अक्षर पुसायला सुरुवात केली. शेवटी नुसतं पहिलं अक्षर उरलं, तेव्हा त्याचं बोट अडलं. नंदाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पूस," ती म्हणाली.

संगणक पुन्हा सुरू झाला. नंदाने हाक मारली. मनुबाई आली, उभ्यानेच तिने ओळ पाहिली आणि समोर बसली.

"आलास?" ती म्हणाली. "किती रं उशीर." आणि मग, रोजच्यासारखंच, "मी हाय."

त्या दिवशी ती जेवली. कान्हाच्या ताटात तिने बोंबलाचं कालवण दोनदा वाढलं.

मनुबाई पुढे चार वर्षं त्या ओळीसमोर बसली. गेली तेव्हाही संगणक चालू होता. दोघांचे दिवस मग एकदमच केले. नंदा माजिवड्याला एका कचेरीत संगणकावर नोकरीला लागली. पडद्याने नाव विचारलं, की तिचे ओठ आधी हलतात, बोटं मग.

कान्हाने डोंबिवलीत इंटरनेट जोडून देण्याचा धंदा काढला. आपल्या पहिल्या मोठ्या यंत्राला त्याने नाव दिलं, दौलत. ते अधूनमधून बंद पडतं, आतली पोरं खटपट करतात, आणि सुरू झालं की एखादा मोठ्याने ओरडतो, "कान्हाशेठ, दौलत आला!"

सगळं ठाऊक असूनही कान्हा दर वेळी आधी दाराकडे बघतो.