बोललेले शब्द

जाग आली तेव्हा पत्र्याच्या भोकातून पडणारा उन्हाचा ठिपका पाण्याच्या पिंपावर होता. ती ताडकन उठून बसली. तो ठिपका दोन वाजता शेगडीवर असतो, तीनला ट्रंकेवर. पिंपापर्यंत पोहोचतो तेव्हा साडेचार झालेले असतात. आणि नर्सबाई तीनला येणार होत्या.

गजर वाजलाच नव्हता. दर दोन तासांचा गजर, दिवसाही आणि रात्रीही. तो वाजला की सासूची कूस बदलायची, पाठ तपासायची, ओलं असेल ते काढायचं. नवरा ट्रकवर, आठवड्यातून दोन दिवस घरी. उरलेले पाच दिवस दहा बाय दहाच्या खोलीत ती, सासू आणि गजर.

सासू पूर्वी भाजी विकायची. तोंडाचा पट्टा असा की पुढच्या गल्लीत वळलेलं गिऱ्हाईकसुद्धा हाकेसरशी मागे फिरायचं. सुनेला मात्र तिने कधी धड हाक मारली नाही. 'अगं ए' वर बारा वर्षं निघाली. मग मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. शब्द तेवढा बाहेर पडत नव्हता.

नर्सबाई दर पंधरा दिवसांनी यायच्या आणि एक फॉर्म भरायच्या. त्यात एक रकाना होता, 'बोललेले शब्द'. अकरा भेटींत तिथे अकरा शून्यं पडली होती. आज बारावी भेट, शेवटची. आजही शून्य पडलं तर भेटी बंद होणार होत्या आणि दवाखान्याने वापरायला दिलेली हवेची गादी पुढच्या पेशंटकडे जाणार होती. "नियम मी केलेला नाही गं," नर्सबाई म्हणाल्या होत्या. साध्या गादीवर कूस दर तासाला बदलावी लागते. म्हणजे सुनेच्या झोपेचे आधीच तुकडे होते, त्यांचे आणखी दोन-दोन.

म्हणून ती चित्रांची कार्डं घेऊन बसायची. "आई, म्हणा, पा-णी." दिवसातून चाळीस वेळा. सासू आधी कार्डाकडे बघायची, मग तिच्याकडे. टोमॅटो दाबून दाबून न घेताच जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. मग डाव्या हाताने कार्ड बाजूला सारायची. आजही जेवण उरकल्यावर शेवटची तयारी चालली होती. 'पाणी' झालं होतं. 'चमचा' म्हणता म्हणता हिचीच मान कलंडली असावी.

तिने सासूकडे पाहिलं. सासू टक्क जागी होती. तिच्या डाव्या तळव्याखाली फोन होता.

"आई! गजर तुम्ही बंद केलात?"

सासूच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हसला.

"हसताय काय? शेवटची भेट होती आज! गेली आता गादी!"

तिने घाईघाईने सासूची पाठ चाचपली आणि ती थबकली. चादर कोरडी होती. शिवाय ही सकाळची चादरच नव्हती. जेवणानंतर तिने सासूला डाव्या कुशीवर वळवलं होतं. आता सासू उजव्या कुशीवर होती आणि पाठीशी उशी नीट खोचलेली होती.

आणखीही काहीतरी चुकत होतं. ते काय, हे कळायला तिला थोडा वेळ लागला. आवाज नव्हता. पत्र्याच्या भिंतीपलीकडे शिवणवाली राहायची. तिचं मशीन सकाळपासून अंधार पडेपर्यंत खडखडायचं. आत्ता तिकडे सामसूम होती.

दाराचा पडदा हलला. शिवणवाली चवड्यांवर, अनवाणी आत आली. गळ्यात टेप तसाच होता. सुनेला उठलेली बघून तिने हुश्श केलं, पण बोलली ती सासूशी, तेही कुजबुजत.

"मावशी, उठली ना ती? आता चालवू का मशीन? शाळेचे बारा शर्ट पडलेत हो माझे."

सासूने डावा हात उचलून हलवला. परवानगी मिळाली.

"काय चाललंय काय हे?" सुनेने विचारलं. "बाई येऊन गेल्या का?"

"आल्या आणि गेल्यासुद्धा. जाताना चपला हातात घेऊन गेल्या!" शिवणवाली तोंडावर हात धरून खुदखुदली. "मावशींना वळवलं, चादर बदलली, फॉर्म भरला. पण भांड्याला भांडं लागू दिलं नाही बाईंनी."

"मग मला उठवायचं नाही का, वहिनी?"

"कुणाची बिशाद!" शिवणवालीने तिरक्या नजरेने सासूकडे पाहिलं. सासू समोरच्या भिंतीकडे बघत होती, जसं काही आपला या भानगडीशी संबंधच नाही. "तू आधी कागद वाच. त्या पिठाच्या डब्याखाली आहे."

तिने डबा सरकवला. घाईत नजर भलत्याच ओळींवर पडत होती. 'पाठ: जखम नाही.' 'गादी: पुढचे सहा महिने इथेच राहील.' तिचा विश्वास बसेना. पलीकडे मशीन खडखडायला लागलं. तिने बोट टेकवून हवा तो रकाना शोधला. एकाखाली एक अकरा शून्यं होती आणि त्यांच्या खाली आजच्या तारखेसमोर आकडा होता, तीन.

शेजारी 'कोणते?' असा एक चौकोन होता. तो आजवर कोराच राहिला होता. त्यात नर्सबाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"हळू. पोर झोपलीय."