टँकरच्या अर्जाची चौकशी

जिल्हा नवा झाला आणि लगेच दुष्काळ पडला. नवे कलेक्टर परप्रांतातले, म्हणून नांदेडहून बदलून आलेल्या शिक्षिका पंचशीलाबाईंनी गावासाठी टँकरचा अर्ज इंग्रजीत लिहिला. त्यातल्या 'अ‍ॅब्सोल्युटली नो वॉटर' या शब्दांवर नायब तहसीलदार दगडोबारावांची नजर अडली, आणि ते जातीने चौकशीला आले.

"बाई, 'नो वॉटर' पुरलं नसतं का? एवढा जोर लावला की मला लबाडीचा वास येतो."

"साहेब, नुसतं 'नो' लिहिलं तर कचेरीत वाटतं, थोडं असंल."

विहिरी कोरड्या, आड कोरडा, हापशातून नुसती हवा. तरी दगडोबारावांचा संशय फिटेना. माणसं जिवंत होती, म्हणजे कुठंतरी पीत असणारच. ते शाळेच्या ओट्यावर टेकले, तशी म्हातारी सरजाबाई पदराखाली झाकून तांब्या घेऊन आली.

"घ्या साहेब, उन्हातानाचं आलाव. तीन कोसांवरून आणलंय. घरात एवढंच हाय, पण पाहुण्याला कोरडं कसं धाडावं?"

दगडोबारावांनी तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तिथंच अहवाल लिहिला.



'वॉटर डेफिनेटली अव्हेलेबल.'