उजव्या खांद्यावरचं पान

लक्ष्मीबाई नगरचा स्टॉप आला आणि गेला, तरी वृंदा बसमधून उतरली नाही. तिचे डोळे पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीला चिकटले होते. तपकिरी स्वेटर, त्यावर पानांची नक्षी. ती ओठातल्या ओठात टाके मोजत होती. पाच सुलट, दोन उलट, पुन्हा पाच सुलट... आणि उजव्या खांद्याशी एक पान उलटं! बाकीची सगळी पानं वर टोक करून, हे एकटंच खाली. वृंदाने पुढे वाकून पुन्हा मोजून पाहिलं.

थंडीच्या दिवसांत परक्या माणसाची पाठ अशी वाचण्यात दिल्लीत कुणालाच काही गैर वाटत नाही. बायका भर बाजारात थांबवतात, "ज़रा घूमना, भैया" म्हणतात, टाके मोजतात आणि चालू लागतात. पण वृंदा काही नुसत्या डिझाइनच्या हौसेने बघत नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी तिने एक घोळ घालून ठेवला होता. लग्न नवंनवं, उत्साह दांडगा. घरातल्या ट्रंका आवरायला घेतल्या, तर एकीच्या तळाशी लहान मुलाचा स्वेटर. कोपरं विरलेली, वर खांद्यावरचं एक पान चुकलेलं. वृंदा दिल्लीतच वाढलेली, विणकामात पटाईत. चूक दिसताच तिने नाक मुरडलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी दारात आली, तेव्हा तो स्वेटरही गठ्ठ्यात गेला आणि स्टीलचा एक डबा घरात आला.

संध्याकाळी श्रीरंगला ते कळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आईच्या हातचं तेवढंच होतं गं माझ्याकडे."

सासूबाई तो कॉलेजात असतानाच गेल्या होत्या. वृंदा त्या भांडीवालीला शोधायला चार दिवस गल्लोगल्ली फिरली, पण ती कुठली सापडायला! डबा फळीवर रिकामाच राहिला. त्यात साखर भरायचीही वृंदाला लाज वाटायची. शेवटी तिने ठरवलं, तस्साच स्वेटर विणून द्यायचा, आताच्या मापाचा. पण नक्षी काही केल्या आठवेना. एवढी हुशार बाई, चूक तेवढी लक्षात राहिली आणि बरोबर काय होतं ते विसरली! तेव्हापासून ती दिसेल ती पाठ वाचत सुटली होती.

तो माणूस मुनीरकाला उतरला. मागोमाग वृंदाही.

"भाईसाहब, ये स्वेटर किसने बनाया?"

"बीजी ने," तो जराही न दचकता म्हणाला. "मेरी माँ. चलिए, घर पास ही है."

बीजी अंगणात उन्हाला बसल्या होत्या. डावा पाय वेताच्या बुटक्या मोढ्यावर, हातात सुया, मांडीवर तपकिरी लोकर. वृंदाने आधी तेच विचारलं, एक पान उलटं का?

"नज़र का टीका है, बेटा, किसी की नज़र न लगे इसलिए. मेरे हर स्वेटर में मिलेगा. और किसी के में नहीं."

"लेकिन मेरी सास के हाथ के स्वेटर में भी था," वृंदा गोंधळून म्हणाली. "सुनंदा नाम था. आर. के. पुरम में रहती थीं."

बीजींच्या सुया थांबल्या. मग म्हातारी अशी काही हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"सुनंदा! उसे तो बुनने की सलाई पकड़नी भी नहीं आती थी!"

मग सगळं बाहेर आलं. बीजी तेव्हा सुनंदाच्या खालच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या. पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, आणि सुनंदा महिनाभर दोन्ही वेळचं जेवण घेऊन खाली यायची. तिचा मुलगा मात्र हट्टाला पेटलेला. सगळ्यांच्या मम्मी विणतात, तूच का नाही? म्हणून संध्याकाळी ती त्याच्यासमोर सुया घेऊन बसायची आणि कशाबशा दोन ओळी ओढायची. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला की बीजी त्या उसवायच्या आणि नीट विणून परत द्यायच्या. "बच्चे को पता नहीं चलने दिया," बीजी डोळे पुसत म्हणाल्या. "बड़ी खुश थी."

परतीच्या बसमध्ये वृंदाला हसूही येत होतं आणि रडूही. घरी जाऊन काय सांगायचं? आईच्या हातचं म्हणून जे जपलं, ते आईच्या हातचं नव्हतंच? छे! एकदा त्याचा स्वेटर घालवला, तेवढं पाप पुरे. हे आपल्या पोटातच राहू दे, तिने स्वतःला बजावलं.

पुढचे वीस दिवस श्रीरंग ऑफिसला गेला, की ती मुनीरका गाठायची. बीजींनी टाके सांगायचे, हिने विणायचं. उलटं पान घालताना तर तिने तीनदा उसवून पुन्हा विणलं.

रविवारी सकाळी तिने स्वेटर त्याच्या हातात ठेवला. "त्या स्वेटरचं डिझाइन सापडलं," ती म्हणाली. "बसमध्ये एकाच्या पाठीवर." यात खोटं काहीच नव्हतं, तरी तिची नजर वर होईना.

श्रीरंगने स्वेटर अंगात घातला. त्याचा हात सरळ मागे, उजव्या खांद्यावर गेला. बोटांनी चाचपत त्याने ते पान शोधलं आणि कितीतरी वेळ हात तिथेच ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग त्याने हळूच विचारलं, "बीजींचा पाय थंडीत दुखतो का गं अजून?"