फोटोपुरता अर्जुन

फाउंटनच्या गोळीबारात अर्जुन गेला, आणि हार घालायला घरात त्याचा धड एक फोटो नव्हता. मंडळाच्या ग्रुपफोटोत होता तो, पण नेमकी तेव्हाच त्यानं कुणाला तरी हाक मारायला मान वळवली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता धूर.

"हललेला माणूस काही केल्या स्पष्ट होत नाही, गंगुबाई," लालबागचे फोटोवाले अप्पा म्हणाले. "त्यापेक्षा धाकट्याला बसवा. तोंडवळा तोच आहे."

म्हणून विश्राम भावाचा कोट घालून स्टुलावर बसला. कोटाला अजून अर्जुनच्या विडीचा वास होता.

"श्वास रोखून धर. पापणी पाडू नकोस."

फोटो लख्ख आला. आईनं तो बराच वेळ न्याहाळला, मग गालावर बोट ठेवलं. "हो तीळ तेवढो काढा. अर्जुनाक नव्हतो."

फोटोवरचे धुळीचे ठिपके बुजवतात, त्याच बारीक ब्रशनं अप्पांनी तीळ बुजवला.

तेराव्याला फोटोला हार चढला. आईनं विश्रामला पान वाढलं, समोर बसली, आणि पदराचं टोक ओलं करून त्याचा गाल पुसू लागली.

"गालाक ह्या काय लागला रे, अर्जुना?"