पायाळूची टाच

डॉक्टर दानीएल भिंगारदिवे हात धुऊन व्हरांड्यात आले आणि बघतात तर काय! चांगुणा भिंतीकडे तोंड करून उभी, आणि तिच्या पाठीशी तिचा मामा एक पाय उचलून तयार.

"अरे ए! काय चाललंय?" डॉक्टर असे ओरडले की सिस्टर मरिया हातातल्या ट्रेसकट धावत बाहेर आली.

पुंजाराममामाने पाय खाली घेतला. "काय न्हाई सायेब. तुमी कापायच्या आदी येकडाव पाय लावून बगतो. म्या पायाळू हाय."

पुंजाराम आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेला. अशा माणसाने पाय लावला की पाठीतली उसण पळते, म्हणून पारनेरकडची चार गावं त्याच्या दारात यायची. कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायचा नाही बिचारा. आणि ही तर सख्खी भाची, जिवापाड लाडकी.

नऊ वर्षांच्या त्या पोरीचं दुखणंच जगावेगळं होतं. अंगावर कुठेतरी सूज यायची, आणि उतरता उतरता तिथल्या मांसाचं हाड होऊन बसायचं. आधी मान धरली, मग पाठ, मग डावा हात अंगाला चिकटला तो चिकटलाच. राहिला होता एक उजवा हात, आणि आता त्याच्याही खांद्यावर सूज दिसत होती. त्या सुजेचा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवायचा, म्हणून आज तिला नगरला बोलावलं होतं. हा रोग येतो कशाने आणि सरकतो कसा, या प्रश्नापायी डॉक्टरांनी तीन वर्षं झोप घालवली होती. पुस्तकात बघावं तर जेमतेम अर्धं पान!

"या पाठीवर पाय लावतोस तू?"

"हळूच लावतो की. टाच चुलीम्होरं शेकून घ्येतो." मामाने मोठ्या कौतुकाने हवेत करून दाखवलं. "टाच हितं, मनक्याच्या बाजूला. आन् मंग अशी वर सरकवायची."

डॉक्टर त्याला झाडणारच होते, पण तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ते आत पळाले, चांगुणाच्या पाठीचा एक्स-रे घेऊन आले आणि उजेडात धरून एकदा फोटोकडे, एकदा पाठीकडे बघू लागले. मणक्याच्या बाजूला नव्या हाडाचा पांढरा पट्टा होता. टाच टेकायची तिथे रुंद, वर निमुळता होत गेलेला.

"सापडलं! सिस्टर, सापडलं!" त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. घटकेपूर्वी ज्या मामाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती, त्यालाच आता मिठी मारावीशी वाटू लागली. "मनकर्णाबाई, मान धरायच्या आधी काय झालं होतं? आठवा, आठवा!"

चांगुणाची आई गांगरली. "नागपंचमीला झोक्यावरनं पडली हुती. मानंवरच आपाटली."

"आणि मग तिथे सूज आली!"

"व्हय. आठ-पंधरा दिसांनी."

"येणारच!" डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. पोर पडली म्हणून टाळ्या पिटणारा डॉक्टर मनकर्णेने जन्मात पाहिला नव्हता. "हे तिच्या पायाचे अंगठे बघा, जन्मापासून आखूड आणि वाकडे आहेत ना? म्हणजे रोगाचं बी ती पोटातूनच घेऊन आली. पण उगवतं कुठे? जिथे मार बसेल तिथे!"

"म्या पोटुशी असताना गिरानात इळीवर भाजी चिरली, त्यानं न्हवं?"

"छे हो! तुमचा काडीचा दोष नाही."

मनकर्णेने पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडायला लागली. इतकी वर्षं ते एकटीने पोटात ठेवलं होतं तिने.

डॉक्टरांचं तिकडे लक्ष कुठलं! "आणि डावा खांदा? पुंजाराम, तिथे कधी लावलास पाय? खरं सांग."

"तितं न्हाई सायेब. आईची आन."

डॉक्टरांनी चांगुणाच्या झंपरची डावी बाही वर सारली. खांद्यावर टाक्यांचा वण होता. गेल्या साली तुकडा तिथूनच काढला होता. त्यातून काहीच कळलं नव्हतं, आणि पुढे हात जखडला तेव्हा रोगच वाढला, असं धरून सगळे गप्प बसले होते.

"नाही," ते म्हणाले. "तिथे मी."

मरियाच्या हातातल्या ट्रेमध्ये उकळून काढलेली सुरी तशीच होती.

"हे आत न्या सिस्टर. आज कापायचं नाही. सुईसुद्धा टोचायची नाही."

"म्हंजी इलाज न्हाई म्हना की," मामा हबकला.

"झालेलं हाड घालवायला माझ्याकडे औषध नाही, पुंजाराम. पण हा उजवा हात वाचला तर असाच वाचेल. तुझी टाच नको आणि माझी सुरी नको."

मामा आपल्या पायाकडे बघत राहिला. मग त्याने गुपचूप पायताण चढवलं.

"मंग मी जेऊ का आता?" भिंतीपाशी उभ्या चांगुणाने विचारलं. "भूल द्यायची म्हून सकाळधरनं उपाशी ठिवलंय मला."

मनकर्णेने डोळे पुसत फडकं सोडलं. भाकरी मोडली, चटणी लावली आणि घास पोरीच्या तोंडाशी नेला.

"मी खाते की!" चांगुणाने तो उजव्या हाताने काढून घेतला. सुजलेला खांदा दुखत असणार. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. तिने ओठ आवळले. हात पुन्हा हलला, हनुवटीपाशी आला आणि घास तोंडात गेला.

चावता चावता तिचं लक्ष गेलं. आई, मामा, सिस्टर, डॉक्टर, सगळे श्वास रोखून तिच्याकडेच बघत होते.

"काय बगताय?" चांगुणा म्हणाली. "कुनी जेवताना कदी बगितलं न्हाई व्हय?"