चालू कॉम्प्युटर

शेलूबाजारच्या गोदामात पोत्यांचं वजन कॉम्प्युटरवर चढायचं. अपडेट आलं की तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. तेवढा वेळ हमाल लिंबाखाली टेकायचे. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साधनाने या उन्हाळ्यात नवी सिस्टीम बसवली, मालक खूश झाले.

भर दुपारी म्हातारे हमाल जानराव तिच्या खिडकीशी आले. "पोरी, आज अपडेट नाई काय?"

"चालूच आहे, काका. आता त्याच्यासाठी कॉम्प्युटर बंद करा लागत नाई."

"बरं झालं," म्हणत त्यांनी पुढचं पोतं पाठीवर घेतलं आणि ते दारातच कोसळले. साधना कॉम्प्युटर बंद करून धावली. त्यांचा श्वास थांबला होता.



मागून मालक ओरडले, "साधना, कॉम्प्युटर कायले बंद केला? मी दुसरा माणूस लावून राह्यलो ना!"