सरुआजीचं हसू
सरुआजीच्या तेराव्याला तिच्या नातवाच्या, विश्वजीतदादाच्या हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर मी बनवलेला व्हिडिओ लागला होता. दहावीत शाळा सोडल्यापासून मी हेच करते, मोबाइलवर डिझाइन आणि व्हिडिओ. सध्या गेलेल्या माणसाचा फोटो एआयनं हलवायचा ट्रेंड आहे. दादाकडे आजीचा एकच फोटो होता, ओठ घट्ट मिटलेला. व्हिडिओत मात्र ती पापण्या हलवून वळून बघायची आणि पांढरेशुभ्र दात दाखवत मोकळं हसायची. पाहुण्या बायका डोळे पुसत "कुणी केलं गं?" विचारत होत्या आणि मी मान ताठ करून "मीच" म्हणत होते. तेवढ्यात पुढं बसलेले आजीचे मालक, मच्छिंद्रआजोबा म्हणाले, "पोरी, ती अशी हसत नव्हती." माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही कधी हसवलं असतं तर फोटोत हसली असती ना, आजोबा." आजोबा चिडले नाहीत. "हसायची की, लय हसायची," ते म्हणाले, "पण तोंडाला पदर लावून. उभ्या जन्मात मी बी तिचं दात असं पाह्यलं न्हाईत, आन् आज समद्या पाहुण्यांनी पाह्यलं." मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खांद्यावरचा पंचा टीव्हीवर, बरोब्बर आजीच्या तोंडावर धरून उभे राहिले. व्हिडिओ लूपवर होता, आजी पंच्याआड पुन्हा पुन्हा हसत होती, आणि रिमोट हातात असूनही मला बंद करायचं बटण सापडत नव्हतं.